मुलांच्या खुब्याची उथळ वाटी: तान्ह्या बाळापासून कॉलेजच्या वयापर्यंत काय पाहायचं, कधी पाहायचं

तान्ह्या बाळाचा खुबा जागेवर नसला तरी बाळ रडत नाही. पाय झाडतं, अंगावर पितं, वजन धरतं, पालथंही पडतं. घरात कुणाच्या लक्षात येतं ते बहुधा मूल चालायला लागल्यावर, आणि तोवर सोप्या उपचाराचा काळ सरलेला असतो. म्हणून या दुखण्यात लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. कुठल्या वयात काय तपासून घ्यायचं हे आधीच ठाऊक हवं.

आधी सांधा समजून घेऊ. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं. जन्माच्या वेळी ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोळा वाटीच्या मधोमध बसलेला असेल तर त्याच्या दाबाने वाटी खोल आणि गोल होत जाते. गोळा बाजूला सरकलेला असेल तर वाटी उथळ राहते, आणि उथळ वाटीतून गोळा आणखी सरकतो. पुढचे सगळे उपचार, पट्ट्यांपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत, एवढंच करतात: गोळा मधोमध आणायचा, तिथे टिकवायचा आणि वाढीला तिचं काम करू द्यायचं. वाटीची स्वतःहून सुधारण्याची ताकद पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असते, चार-पाच वर्षांपर्यंत ती ओसरत जाते.

डॉक्टरांच्या कागदावर ‘डीडीएच’ (डेव्हलपमेंटल डिस्प्लेशिया ऑफ द हिप) असं लिहिलेलं असतं. जुन्या फायलींत याचंच जुनं नाव ‘सीडीएच’ दिसेल. या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात: वाटी नुसती उथळ आहे, गोळा अर्धवट सरकतो आहे, किंवा गोळा पूर्ण बाहेर आहे. तिन्हींचे उपचार आणि घाई वेगवेगळी असते, त्यामुळे ‘खुब्याचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर दवाखान्यातून उठू नका. यातलं नेमकं काय, आणि कुठल्या बाजूला, हे विचारून लिहून घ्या. पूर्ण निखळलेला खुबा साधारण हजारात एक-दोन बाळांत सापडतो. नुसती उथळ वाटी त्याहून बऱ्याच जणांत असते.

कोणाच्या बाळाकडे जास्त लक्ष हवं

सर्वांत मोठं कारण पायाळू असणं. शेवटच्या दोन महिन्यांत बाळ पोटात पायाकडून किंवा ढुंगणाकडून खाली असेल, तर नंतर सिझेरियन झालं तरी आणि शेवटच्या आठवड्यांत बाळ फिरून डोकं खाली आलं तरी धोका धरायचाच. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं म्हणतात. त्याचं काय ते असो, पायाळू बाळाचे खुबे मात्र सोनोग्राफीत पाहून घ्यावेत.

दुसरं, घराण्यात कुणाला हा त्रास असणं. आई, बाबा, सख्खी भावंडं आधी. पण चाळिशी-पन्नाशीतच खुबा बदलावा लागलेली आत्या किंवा लहानपणापासून लंगडणारी मावशी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या पिढीत निदान झालेलंच नसतं.

मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या कित्येक पट आहे. पहिलं बाळ, पोटात पाणी कमी असणं, जन्मतः मान एका बाजूला कललेली किंवा पाऊल आत वळलेलं असणं, याही खुणा लक्षात घ्यायच्या. डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त वेळा सापडतो, कारण पोटात बऱ्याच बाळांची डावी मांडी आईच्या मणक्याकडे दाबलेली राहते. मात्र यातलं काहीच नसलेल्या बाळांतही हा दोष सापडतो. ‘आमच्यात कुणाला नाही’ म्हणून तपासणी टाळता येत नाही.

पायरी १: दुपटं, मालिश आणि कडेवर घेणं

नवजात बाळाचे पाय खुब्यात आणि गुडघ्यात वाकलेले, मांड्या थोड्या बाहेर पडलेल्या, बेडकासारखे असतात. ते तसेच असायला हवेत. पाय सरळ व्हावेत म्हणून दुपट्यात जोडून घट्ट बांधले, तर मांडीचा गोळा वाटीच्या बाहेरच्या कडेकडे ढकलला जातो. आठवडेच्या आठवडे हे चाललं तर मुळातच ढिला असलेला खुबा सरकू शकतो. जपानात १९७५ च्या सुमारास पाय सरळ ठेवून बाळ गुंडाळायची पद्धत सोडून द्या, अशी देशभर मोहीम झाली आणि पुढच्या वर्षांत निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं.

बाळ गुंडाळू नये असं नाही. छाती आणि हात हवे तर नीट लपेटा. कमरेखाली मात्र दुपटं इतकं सैल हवं की बाळाला गुडघे वर घेऊन बाहेर टाकता येतील. बांधून झाल्यावर बाहेरून पाहा: गुडघ्यांची हालचाल दिसायला हवी. खालचं टोक पिळून पायांखाली खोचायचं नाही, आणि बाळ पालथं पडू लागलं की गुंडाळणं बंद.

तेलमालिश चालू ठेवायला हरकत नाही. बंद करायच्या त्या काही ठरावीक क्रिया: दोन्ही पाय जोडून सरळ ओढणं, पायांची कैची करणं, घोट्यांना धरून बाळाला उलटं लटकवणं. मालिशवाल्या बाई अनुभवी असल्या तरी हे स्पष्ट सांगा. वाकलेले पाय पुढच्या काही महिन्यांत आपोआप सरळ होतात, त्यांना ओढावं लागत नाही.

आपल्याकडची एक सवय मात्र खुब्यासाठी उत्तम आहे, ती म्हणजे कडेवर घेणं. मान धरायला लागलेलं बाळ कडेवर बसलं की मांड्या फाकलेल्या आणि वर उचललेल्या राहतात, आणि गोळा बरोबर वाटीत दाबला जातो. ज्या समाजांत बाळं पाठीवर किंवा कमरेवर पाय फाकवून बांधून नेतात, तिथे हा दोष कमी आढळतो. विकतची पट्ट्याची पिशवी घ्यायची असेल तर तिचं कापड बाळाच्या एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत पोचलं पाहिजे. नुसत्या जांघेवर लटकणारी नको. साडीच्या झोळीत पाय एकत्र येतात. धोक्याच्या यादीतल्या बाळाला झोप सपाट गादीवरच द्या.

पायरी २: हाताने तपासणी, प्रत्येक लसीच्या वेळी

पहिली तपासणी जन्मानंतर, घरी सोडण्याआधी. डॉक्टर बाळाला उताणं ठेवून गुडघे वाकवतात आणि दोन चाचण्या करतात. बार्लो चाचणीत मांडी हलकेच मागे दाबून गोळा वाटीतून निसटतो का ते पाहतात. ऑर्टोलानी चाचणीत मांडी बाहेर घेऊन निसटलेला गोळा आत बसतो का ते पाहतात. गोळा बसताना बोटांना ‘खट्’ असा धक्का जाणवतो. हा धक्का महत्त्वाचा. बारीकसा ‘कट्’ असा आवाज बऱ्याच निरोगी बाळांच्या गुडघ्यात आणि खुब्यात होतो, तेवढ्यावरून घाबरू नये. या दोन्ही चाचण्या घरी करून बघायच्या नाहीत. शांत बाळ आणि सरावलेला हात नसेल तर हाती काही लागत नाही, आणि पुन्हा पुन्हा दाबणं वाईटच.

जन्माची तपासणी चांगली आली म्हणजे विषय संपला असं होत नाही. काही खुबे पुढच्या महिन्यांत सरकतात. त्यासाठी वेगळी फेरी मारायला नको: ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीला, नंतर ९ महिन्यांच्या लसीला आणि मूल चालू लागल्यावर एकदा, ‘खुबे बघता का?’ एवढं विचारायचं. कपडे आणि लंगोट काढल्याशिवाय झालेली तपासणी तपासणीत धरू नका.

तीन महिन्यांनंतर स्नायू ताठ होत जातात. मग निखळलेला खुबाही ‘खट्’ करत नाही. या वयात घरी लंगोट बदलताना पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, बाळ उताणं, गुडघे वाकवलेले, दोन्ही मांड्या एकाच वेळी हळूच बाहेर टाका. दोन्ही सारख्या पडायला हव्यात. एक मांडी अर्ध्यावर अडत असेल, किंवा एखादी ६० अंशांपर्यंतही उघडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. दोन, कडक सपाट जागेवर बाळाला झोपवून पावलं टेकवा, टाचा एकमेकींशेजारी ठेवा आणि पायांच्या बाजूने गुडघ्यांची उंची बघा. एक गुडघा खाली दिसला तर ती मांडी आखूड वाटते आहे, म्हणजे तिचा गोळा मागे गेलेला असू शकतो.

इथे एक चकवा आहे. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन्ही गुडघे सारखेच खाली असतात आणि दोन्ही मांड्या सारख्याच अडतात. तुलना करायला चांगली बाजूच उरत नाही. अशी मुलं सर्वांत उशिरा सापडतात. उलट मांडीवरच्या वळ्या कमी-जास्त दिसणं ही लोकप्रिय पण कच्ची खूण. कितीतरी निरोगी बाळांत ती असते.

आणि ताप आहे, बाळ एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, असं असेल तर तो हा दोष नव्हे. सांध्यात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

पायरी ३: सोनोग्राफी की एक्स-रे

वयावर ठरतं. मांडीच्या गोळ्यातला हाडाचा ठिपका चार ते सहा महिन्यांच्या सुमारास उमटतो. त्याआधी एक्स-रेमध्ये मुख्य गोष्ट, म्हणजे कूर्चा, दिसतच नाही. त्यामुळे चार महिन्यांपर्यंत सोनोग्राफी, सहा महिन्यांनंतर एक्स-रे, मधल्या काळात डॉक्टर सांगतील ते.

धोका असलेल्या पण हाताला व्यवस्थित लागणाऱ्या बाळाची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या आसपास करावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केली तर आईच्या संप्रेरकांमुळे ढिले असलेले, पण आपोआप सुधारणारे खुबेही दोषी दिसतात आणि नाहक पट्टे लागतात. मात्र जन्मतःच ‘खट्’ लागला असेल तर सहा आठवडे थांबायचं नाही; पहिल्या दोन आठवड्यांत लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘अल्फा’ कोन, म्हणजे वाटीच्या छताचा कोन, शोधा. ऑस्ट्रियाचे डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत बसवली. अल्फा ६० अंश किंवा जास्त असेल तर वाटीचं छत ठीक. ५० ते ५९ तीन महिन्यांच्या आतल्या बाळात बहुधा नुसतं अपक्व असतं. चार-सहा आठवड्यांनी परत बघतात. तोच आकडा तीन महिन्यांनंतर आला तर ती उथळ वाटी. ४३ ते ४९ म्हणजे उपचार, आणि त्याखाली गोळा बाहेर निघाल्याची लक्षणं. चित्र तिरकं घेतलं की कोन चुकतो, म्हणून लहान बाळांच्या खुब्यांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि रिपोर्टसोबत चित्रंही मागून घ्या.

एक्स-रेमध्ये वाटीच्या छताचा उतार मोजतात. जन्मतः तो सरासरी २७-२८ अंश, दोन वर्षांपर्यंत २० च्या आसपास उतरतो. सहा महिन्यांनंतरही ३० च्या वर असेल तर वाटी उथळ. फोटो काढताना बाळ वळवळलं की हाही आकडा फसवतो. सामान्य माणसालाही तपासता येईल अशी खूण: कमरेच्या हाडाच्या खालच्या भागातली दोन मोठी भोकं डाव्या-उजव्या बाजूला सारख्या आकाराची दिसली पाहिजेत. एक रुंद आणि एक चिंचोळं असेल तर कंबर तिरकी होती. त्या फोटोवर निर्णय नको.

पायरी ४: पट्टे, सहा महिन्यांच्या आत

चेक डॉक्टर अर्नोल्ड पावलिक यांनी १९४० च्या दशकात हे पट्टे बनवले आणि अजूनही पहिला उपचार हाच. छातीवर एक आडवा पट्टा, खांद्यांवरून दोन, आणि पायात रिकिबी. पुढचे पट्टे मांड्या वर धरतात, साधारण ९० ते १०० अंशांवर. मागचे पट्टे मांड्या एकमेकींजवळ येऊ देत नाहीत. बाळ लाथा मारू शकतं, आणि त्या लाथांनीच गोळा वाटीत रुळतो. वाटी नुसती उथळ असेल तर बहुसंख्य बाळं यावरच बरी होतात. पूर्ण निखळलेल्या खुब्यात यश कमी.

कसे लावलेत ते रोज पाहायचं. छातीचा पट्टा स्तनाग्रांच्या रेषेवर, आत तुमची दोन बोटं जातील इतका. पुढच्या पट्ट्याचं बक्कल काखेच्या पुढच्या रेषेत. मागचे पट्टे सैलसर: त्यांनी मांड्या आत येताना अडवायच्या, बाहेर ओढायच्या नाहीत. ‘जास्त फाकवलं की लवकर बरं होईल’ असं वाटून मागचे पट्टे आवळले तर गोळ्याचा रक्तपुरवठा दबतो आणि गोळ्याचा भाग मरू शकतो. या उपचारातलं हे सर्वांत मोठं नुकसान आहे आणि ते लक्षात येतं कित्येक महिन्यांनी.

पुढचे पट्टे जास्त आवळले तर मांडीची नस दबते. खूण सोपी: बाळ त्या पायाचा गुडघा सरळ करून लाथ मारायचं थांबतं. म्हणून दिवसातून एकदा तळव्याला गुदगुल्या करा आणि दोन्ही गुडघे झटक्यात सरळ होतात का बघा. एक पाय गप्प असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. वेळेत पट्टे सैल केले तर नस बहुधा परत येते.

रोजचं काम असं. पट्टे सुरुवातीला २३-२४ तास. आंघोळीपुरते काढायचे का, हे डॉक्टर सांगतील, त्यांनी सांगितलं नसेल तर काढायचे नाहीत, अंग पुसून घ्यायचं. आत सुती झबलं आणि गुडघ्याच्या वर जाणारे मोजे. लंगोट पट्ट्यांच्या आतून, वरून नाही. बदलताना घोट्यांना धरून पाय वर उचलायचे नाहीत, ढुंगणाखाली हात घालून कंबर उचलायची. गुडघ्यामागची आणि जांघेची घडी रोज पुसून कोरडी करायची. पावडर घालू नका, घामात तिचे खडे होऊन कातडी सोलते. तेल पट्ट्यांखाली नको. पट्टा डॉक्टरांनी ज्या जागी लावला तिथे न पुसणाऱ्या पेनाने रेघ मारून घ्या, म्हणजे आजीने धुताना सोडला तरी परत तिथेच लागेल. झोप पाठीवरच. दूध पाजताना बाळाच्या मांड्या तुमच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना टाकून बसवलं तर सोपं जातं.

बाळ झपाट्याने वाढतं, पट्टे वाढत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत दर एक-दोन आठवड्यांनी दाखवून पट्टे सैल करून घ्यावेच लागतात. निखळलेल्या खुब्यात तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफीत गोळा आत दिसला नाही, तर पट्टे बंद करायला हवेत. ‘अजून महिनाभर बघू’ असं म्हणत ठेवले तर बाहेरचा गोळा वाटीची मागची कड घासत राहतो आणि पुढचा उपचार अवघड होतो. हा मुद्दा डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा. गोळा बसला तर एकूण सहा ते बारा आठवडे लागतात.

पायरी ५: सहा ते अठरा महिने, प्लास्टर

या वयात बाळ पट्टे मानत नाही. भूल देऊन, सांध्यात रंगद्रव्य सोडून एक्स-रेखाली गोळा वाटीत बसवतात. जांघेतला ताठ स्नायूबंध लागला तर छोट्या छेदातून सोडवतात. मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, त्याला ‘स्पायका’ म्हणतात. एकूण साधारण तीन महिने, मध्ये एकदा भूल देऊन बदल. प्लास्टरनंतर गोळा आतच आहे ना हे एमआरआय किंवा सीटीने पाहतात. घरी जाण्याआधी ते झालं का, विचारा. जबरदस्तीने बसवावा लागत असेल तर चांगला सर्जन बसवत नाही, सांधा उघडायचं ठरवतो. हे अपयश समजू नका.

घरी खरी लढाई लघवीशी. एक लहान डायपर प्लास्टरच्या आत, कडेखाली खोचून, आणि त्यावर एक मोठा डायपर बाहेरून. दिवसा दर दोन तासांनी, रात्री तीन-चार तासांनी बघायचं. बाळाला डोक्याकडून थोडं उंच ठेवा, म्हणजे ओल पाठीकडे न जाता खाली उतरते. प्लास्टरच्या कडांना जलरोधक चिकटपट्टीचे तुकडे आतून बाहेर दुमडून लावा. ओलं झालं तर ड्रायरच्या गार हवेवर वाळवा, गरम हवेने कातडी भाजते. दोन पायांमधल्या दांड्याला धरून उचलू नका, तो निघतो. दर दोन-चार तासांनी कूस बदला. डाळीचा दाणा, बिस्किटाचा चुरा, खेळण्याचा तुकडा आत गेला की कातडीला जखम होते. जेवताना छातीवर कापड हवं. आत खाजवायला पट्टी घालायची नाही.

नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात प्लास्टर म्हणजे दुहेरी शिक्षा. शस्त्रक्रिया महिनाभर पुढे-मागे करता येते का हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, पण नुसत्या हवामानासाठी सहा महिने ढकलू नका.

पायाची बोटं सुजली, निळी-पांढरी पडली, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, आतून कुजका वास आला, ताप आला, किंवा प्रत्येक घासानंतर उलटी होऊ लागली, तर लगेच रुग्णालय. दुचाकीवरून या बाळाला नेता येत नाही. घरी जायची गाडी आधीच ठरवा.

पायरी ६: चालायला लागल्यावर सापडलं तर

एका बाजूचा खुबा असेल तर मूल लंगडतं, किंवा आखूड पायाच्या चवड्यावर चालतं. दोन्ही बाजूंचे असतील तर कंबर डुलवत, पोट पुढे काढून चालतं. दुखत नसल्याने ‘कॅल्शियम कमी आहे’, ‘अंगात भरलं की सुधारेल’ यात वर्ष जातं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाडांना हवंच, पण त्याने बाहेरचा गोळा आत येत नाही. दीड वर्षाच्या मुलाची चाल वेगळी दिसली तर एक एक्स-रे, बस.

या वयात बहुधा सांधा उघडून गोळा बसवावा लागतो, आणि वाटीचं छत खाली वळवायला कमरेच्या हाडात काप घ्यावा लागतो. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांची १९६१ ची शस्त्रक्रिया यातली सर्वांत परिचित. काप उघडून त्यात त्याच मुलाच्या कमरेच्या हाडाची पाचर घालतात आणि तारेने पक्की करतात. मूल दोन-तीन वर्षांहून मोठं असेल तर मांडीचं हाडही थोडं आखूड करतात. पालकांना हे ऐकून धक्का बसतो, पण ते न करता गोळा ओढून बसवला तर दाबाने त्याचा रक्तपुरवठा तुटतो. रक्त लागू शकतं, पुन्हा प्लास्टर असतं, तारा नंतर काढाव्या लागतात. आठ-दहा वर्षांच्या पुढे पूर्ण निखळलेला खुबा सापडला, विशेषतः दोन्ही बाजूंचा, तर शस्त्रक्रिया करावी की नाही हाच प्रश्न असतो. तिथे दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पायरी ७: बारा वर्षांनंतर, जेव्हा दुखू लागतं

लहानपणी सापडली नाही अशी सौम्य उथळ वाटी या वयात बोलू लागते. लहान छतावर शरीराचा सगळा भार येतो, कडेची मऊ कूर्चा ताणली जाते, फाटते. ‘कुठे दुखतं’ विचारलं की मुलगी अंगठा मागे आणि बोटं पुढे ठेवून खुब्याची बाजू पकडते, किंवा जांघ दाखवते. धावल्यावर, खूप वेळ उभं राहिल्यावर वाढतं, संध्याकाळी पाय ओढला जातो, आत काहीतरी अडकल्यासारखं होतं. पुष्कळ वेळा फक्त गुडघा दुखतो, आणि गुडघ्याचे एक्स-रे काढण्यात महिने जातात. गुडघा दुखणाऱ्या मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे. नृत्य करणाऱ्या, अंग फार लवचीक असलेल्या मुलींत हे लपून राहतं, कारण उथळ वाटीत पाय जास्त फिरतो आणि तीच शाबासकीची गोष्ट ठरते.

एक वेगळं दुखणं आधी बाजूला काढा. दहा ते सोळा वर्षांचं, सहसा वजन जास्त असलेलं मूल, जांघ किंवा गुडघा दुखतो, पाऊल बाहेर वळलेलं, पायावर भार देता येत नाही: यात मांडीचा गोळा वाढीच्या रेषेवरून घसरत असू शकतो. त्याला चालवू नका, चाकाच्या खुर्चीवरून त्याच दिवशी दाखवा.

मोठ्या मुलांच्या उथळ वाटीच्या दुखण्यात सोनोग्राफीचा उपयोग नाही. उभं राहून काढलेला दोन्ही खुब्यांचा एक्स-रे हवा. त्यात स्वीडनच्या डॉ. विबर्ग यांचा कोन मोजतात (१९३९ पासून हाच): वाटीचं छत गोळ्याला बाहेरून किती झाकतं. २५ अंशांच्या वर ठीक, २० ते २५ काठावर, २० च्या खाली उथळ. काठावरच्या आकड्यात घाई नको. छताचा उतार १० अंशांहून जास्त आहे का, समोरून झाकण किती आहे, हेही पाहावं लागतं. कूर्चा फाटली आहे का हे एमआरआय सांगतो.

सुरुवात व्यायामाने. खुब्याच्या बाजूचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे, काही महिने उड्या, लांब धावणं आणि खुबा टोकापर्यंत ताणणारी आसनं बंद. पोहणं, सायकल चालेल. यानं दुखणं कमी होतं, वाटी खोल होत नाही.

दुखणं राहिलं आणि कूर्चा अजून चांगली असेल तर वाटीच वळवतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ही शस्त्रक्रिया, ‘पीएओ’: वाटीभोवती काप घेऊन ती सुटी करतात, गोळ्यावर नीट झाकण येईल अशी फिरवतात आणि तीन-चार स्क्रूंनी पक्की करतात. कमरेचा मागचा खांब शाबूत राहतो, म्हणून लवकर उभं राहता येतं, आणि मुलींना पुढे बाळंतपणाला सहसा अडचण येत नाही. यासाठी वाटीच्या तळाची वाढीची रेषा बंद झालेली हवी. मुलींत साधारण १२ ते १४, मुलांत १४ ते १६. त्याआधी गरज पडली तर तीन कापांची वेगळी शस्त्रक्रिया असते. नंतर सहा ते आठ आठवडे कुबड्या, हाड जुळायला तीन-चार महिने, खेळायला सहा महिने ते वर्ष. बारावीच्या वर्षात नाही, मार्चनंतर, एवढं नियोजन बहुधा करता येतं. बर्नच्या पहिल्या ७५ खुब्यांपैकी सुमारे ६० टक्के २० वर्षांनीही स्वतःचेच, न बदललेले होते, आणि त्यात आधीच झिजलेले काही होते.

हाडाची वाटी उथळ असताना नुसती दुर्बिणीतून कूर्चा शिवून देतो असं कुणी म्हणालं तर थांबा. भार तसाच राहिला तर शिवण पुन्हा फाटते, कधी खुबा आणखी ढिला होतो.

कागद, योजना आणि पुढची वर्षं

आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पायाळू बाळ असेल तर त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. या पथकाची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी असते, वयोमर्यादा १८ वर्षं, आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे यादीतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

उपचार यशस्वी झाला तरी वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने एक्स-रे लागतातच. आधी लवकर लवकर, मग वर्ष-दोन वर्षांनी. पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढताना ठीक दिसणारी वाटी मागे पडू शकते, आणि नेमक्या त्याच वर्षांत लोक फेऱ्या सोडतात. सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, कारण एका फोटोपेक्षा दोन फोटोंमधला फरक डॉक्टरांना जास्त सांगतो. पाठचं भावंड झालं तर ते पायाळू नसलं, मुलगा असला, तरी सहाव्या आठवड्याची सोनोग्राफी त्याच्या लसीच्या कार्डावर पहिल्याच दिवशी लिहून टाका.